लक्ष असू द्या

गायधनी मॅडमनी बार कौन्सिलचा अर्ज भरला
त्या दिवशी मी मेहेर सिग्नलच्या प्रेसमध्ये
दहा हजार कार्डं टाकली.
पुढे फोटो, सनद नंबर,
खाली ठळक : लक्ष असू द्या.
मागची बाजू कोरी.
प्रेसवाला म्हणाला, मागे आश्वासनं छापू, त्याच पैशात.
मॅडम म्हणाल्या, नको. कोरा कागद वाया जात नाही.

मी त्यांचा कारकून, एकोणीस वर्षं.
मला मत नाही, मत सनदवाल्यांना.
माझ्याकडे गाडीची किल्ली, मतदारांची वही
आणि त्यांच्या घशासाठी खडीसाखर.

निफाडच्या बार रूममध्ये कॅरम चालू होता.
राणी जाईपर्यंत कोणी मान वर केली नाही.
येवल्यात चहा. चांदवडला नुसतं पाणी.
सटाण्यात एकानं विचारलं,
गायधनी म्हणजे नेमके कुठले?
पळशाचे, म्हणाल्या.
तसं नाही हो, तो म्हणाला.
तसंच, त्या म्हणाल्या, आणि कार्ड पुढे केलं.

मालेगावात अन्सारी वकिलांनी उठून खुर्ची दिली :
बाई, खोटं कशाला बोलू,
पहिली पसंती माझ्या मेहुण्याची, दुसरी गुरूंच्या मुलाची,
तिसरी तुमची. लिहून ठेवा.
परतताना मॅडम म्हणाल्या,
त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण कर.
आजच्या दिवसाचं एवढं एकच पक्कं.

कारण बाकी सगळे म्हणत होते, पहिली.
पहिलीच मॅडम, हे काय विचारणं झालं?
रात्री मी बेरीज केली
तर जिल्ह्यात जेवढ्या सनदा
त्याहून पहिल्या पसंत्या जास्त निघाल्या.

गंगापूर रोडला दुसऱ्या उमेदवाराचं जेवण होतं.
आपलेच दोन ज्युनियर तिथे जेवून आले,
खाली मान घालून फायली लावत बसले.
मॅडमनी एवढंच विचारलं,
भाजी कसली होती?

मोजणी मुंबईला.
या निवडणुकीत माणूस एकदम हरत नाही.
तळाचं एक नाव काढतात,
त्याचे कागद उचलून
त्यावर पुढचा आकडा ज्याचा, त्याच्या खणात ठेवतात.
सतराव्या फेरीत सोलापूरचे एक म्हातारे वकील गेले,
त्यांचे चार कागद आमच्याकडे आले.
मॅडमनी हॉलमध्ये त्यांना शोधून काढलं,
वाकून नमस्कार केला.
ते म्हणाले, कोण आपण?

एकेचाळिसाव्या फेरीत आम्ही.
गठ्ठ्याची दोरी सुटली,
कोणाकोणाचा विश्वास कोणाकोणाच्या खणात गेला,
मी टाचा उंचावून बघत होतो.
मेहुणा शेवटपर्यंत टिकला,
म्हणून अन्सारींची तिसरी पसंती
आमच्यापर्यंत पोचलीच नाही.
वहीतली खूण मात्र मॅडमनी खोडू दिली नाही.

कसारा घाट चढेपर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज,
काच कोरडी असून.
बंद करायचं मला सुचलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.
इगतपुरीचे दिवे दिसले तेव्हा म्हणाल्या,
उद्या बोर्डावर काय आहे?

उद्या बोर्डावर एक दरखास्त, दोन जामीन,
आणि हरसूलच्या भागीरथी खाडम यांची पोटगी.
पोटगीत साहेब रजेवर. तारीख पडली.
व्हरांड्यात बाई तारीख विचारत उभ्या,
माझ्या पिशवीत अजून चार हजार कार्डं.
मॅडमनी एक घेतलं, पालथं केलं,
भिंतीला टेकवून लिहिलं :
एकवीस तारीख, कोर्ट नंबर सहा, रेशनकार्ड आणणे.

भागीरथीबाईंना अक्षर येत नाही.
त्यांनी कार्ड उलटवून फोटो बघितला,
मग मॅडमकडे, मग पुन्हा फोटोकडे.
म्हणाल्या, शिक्का कुठं मारायचा बाई?

मारायचा नाही, मॅडम म्हणाल्या.
यायचं फक्त. साडेदहाला.